शिक्का आणि हुकूम : कर्करोगपेशींतील अधिजनुकीय नियंत्रण व सिद्धार्थ मुखर्जी यांचे विज्ञानलेखन

गोषवारा

डीएनएचा अक्षरक्रम न बदलता जनुकांची अभिव्यक्ती बदलू शकते, या विचाराला कर्करोगाच्या अभ्यासात गेल्या चार दशकांत महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. हा विचार सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचविणाऱ्या लेखकांत डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांचे नाव अग्रभागी आहे. प्रस्तुत लेखात त्यांचे ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ (२०१०) व ‘द जीन’ (२०१६) हे दोन ग्रंथ आणि ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सेम बट डिफरंट’ हा लेख यांच्या आधारे अधिजनुकीय नियंत्रणाच्या लोकप्रिय मांडणीची चिकित्सा केली आहे. रासायनिक खूण हीच जनुकाला हुकूम देते, ही या मांडणीतील धारणा अपुरी असल्याचे कर्करोगपेशींवरील संशोधनातून दिसते. त्याच वेळी, खूण केवळ परिणाम आहे, हा टीकाकारांचा आग्रहही सर्व ठिकाणी टिकत नाही. या दोन टोकांमधील भेद मराठी विज्ञानलेखनात कसा सांभाळता येईल, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : अधिजनुकीय नियंत्रण, जनुक अभिव्यक्ती, मेथिलीकरण, प्रतिलेखन घटक, कर्करोग, विज्ञानलेखन

प्रस्तावना

मानवी शरीरातील यकृताची पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांच्या केंद्रकांतील डीएनए जवळजवळ सारखाच असतो. तरीही दोहोंचे रूप व कार्य पूर्णतः भिन्न असते. कोणती जनुके वाचली जावीत आणि कोणती मिटलेली राहावीत, यावर हा भेद अवलंबून असतो. डीएनएतील सायटोसिन या घटकाला जोडला जाणारा मेथिल गट आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील रासायनिक बदल, या दोन प्रकारच्या खुणा जनुकाच्या अवस्थेशी निगडित असतात. कर्करोगपेशीत या खुणांची मांडणी विस्कटते. १९८३ मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग व बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील काही जनुकांवर शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा मेथिल गट कमी असल्याचे दाखवून दिले. पुढील दशकात याच्या उलट बाजू उजेडात आली. पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या पी-१६ सारख्या अर्बुदरोधक जनुकांच्या प्रवर्तक भागावर मेथिल गटांची दाटी होऊन ती जनुके निःशब्द झालेली आढळली.

या शोधांमुळे एक नवी आशा निर्माण झाली. उत्परिवर्तनाने बिघडलेले जनुक दुरुस्त करणे अवघड. परंतु निव्वळ खुणेने मिटलेले जनुक खूण पुसून पुन्हा उघडता येईल, अशी ती आशा होती. कर्करोगाविषयीच्या लोकप्रिय लेखनात हीच आशा पुढे ‘स्विच’ च्या रूपकातून वावरू लागली. या रूपकात कितपत सत्य आहे, हा प्रश्न लेखनशैलीपुरता मर्यादित नाही. रुग्ण व त्याचे नातेवाईक आजाराचे कारण कोठे शोधतात, उपचाराकडून काय अपेक्षा ठेवतात आणि आजाराचा दोष कोणावर टाकतात, हे बऱ्याच अंशी अशा रूपकांवर ठरते. म्हणूनच या विषयावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखकाच्या मांडणीची तपासणी आवश्यक ठरते.

संज्ञेचा प्रवास

‘एपिजेनेटिक’ ही संज्ञा कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ च्या सुमारास रूढ केली. जनुकांचा संच आणि प्रत्यक्ष साकारणारा जीव यांच्यामध्ये विकासाची जी सर्व प्रक्रिया घडते, ती त्यांना अभिप्रेत होती. डोंगरउतारावरील दऱ्यांतून घरंगळत जाणाऱ्या गोळ्याचे त्यांचे प्रसिद्ध चित्र १९५७ च्या ग्रंथात आले. त्या चित्रात मेथिल गट नाहीत, हिस्टोनही नाहीत. १९७५ मध्ये रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी आणि स्वतंत्रपणे आर्थर रिग्ज यांनी, पेशीविभाजनानंतरही टिकणारी स्मृती मेथिल गटांच्या रूपाने वाहून नेली जात असावी, अशी कल्पना मांडली. येथून संज्ञेचा अर्थ आकुंचित होऊन ‘विकासाची प्रक्रिया’ वरून ‘वारशाने जाणारी खूण’ असा झाला. पुढे हिस्टोनवरील प्रत्येक बदलाला, तो पेशीविभाजनानंतर टिको अथवा न टिको, हेच विशेषण लावले जाऊ लागले.

आण्विक जीवशास्त्रज्ञ मार्क टाशने यांनी २००७ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात या सैल वापरावर स्वतंत्र टिपण लिहून आक्षेप घेतला होता. अर्थात, २०१६ च्या वादाची पार्श्वभूमी बरीच आधी तयार झालेली होती. एकाच संज्ञेत स्मृती, खूण आणि नियंत्रण असे तीन अर्थ एकवटले असताना लोकप्रिय लेखकाने कोणता अर्थ स्वीकारला, हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

२०१६ चा लेख आणि त्यावरील आक्षेप

मुखर्जी यांच्या लेखनाचे बलस्थान म्हणजे कल्पनेला माणसाचा चेहरा देण्याची हातोटी. ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ ला २०११ चे पुलित्झर पारितोषिक लाभले, ते याच गुणामुळे म्हणता येईल. सिडनी फार्बर, मेरी लास्कर आणि अनेक अनाम रुग्ण यांच्या जीवनकथांतून एका रोगाचे चरित्र तेथे उभे राहते. ‘सेम बट डिफरंट’ या लेखातही हीच रीत आहे. लेखकाची आई आणि तिची जुळी बहीण यांच्यातील साम्य व भेद हा लेखाचा धागा. समान जनुकसंच लाभलेल्या दोन व्यक्ती वेगळ्या का होतात, या प्रश्नाचे उत्तर लेखक हिस्टोन व मेथिल गटांच्या खुणांत शोधतो. आयुष्यातील आघात, आजार आणि योगायोग यांचे वळ जनुकसंचावर उमटत जातात, असा या मांडणीचा आशय आहे. हिस्टोनवरील बदलांच्या अभ्यासात मोलाची भर घालणारे डेव्हिड ॲलिस यांचे कार्य लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

लेख प्रसिद्ध होताच टाशने, जॉन ग्रीली आदी शास्त्रज्ञांनी त्यावर कठोर टीका केली. टीकेचा गाभा असा : हिस्टोनवर बदल घडविणाऱ्या विकरांना डीएनएतील अक्षरक्रम स्वतःहून ओळखता येत नाही. हजारो जनुकांपैकी नेमके कोणते उघडायचे, हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने प्रतिलेखन घटकांचे, म्हणजे विशिष्ट अक्षरक्रम ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांचे असते. हे घटक जनुकाजवळ येतात, विकरांना बोलावून घेतात आणि मग खूण उमटते. लेखात या घटकांना जवळजवळ स्थानच नव्हते. त्यामुळे कार्यवाहीचा कागद हाती धरून निर्णय घेणाऱ्याचे नाव गाळल्यासारखे झाले, असे टीकाकारांच्या म्हणण्याचे सार सांगता येईल. मुखर्जी यांनी आपल्या उत्तरात विषयाचे काही महत्त्वाचे भाग लेखातून गळाल्याचे मान्य केले.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे ठरेल. त्याच महिन्यात प्रकाशित झालेल्या ‘द जीन’ या ग्रंथात जनुकनियमनाचा पाया घालणाऱ्या झाकोब व मोनो यांच्या संशोधनाची सविस्तर कथा आहे, तसेच चार प्रथिनांच्या जनुकांचा वापर करून प्रौढ पेशीला मूलपेशीच्या अवस्थेत नेणाऱ्या शिन्या यामानाका यांच्या २००६ मधील प्रयोगाचीही दखल आहे. अधिजनुकशास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या अतिशयोक्त दाव्यांविषयी ग्रंथात इशाराही दिलेला आढळतो. लेखकाला विषय अवगत नव्हता, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. दोष कथनाच्या मागणीत शोधावा लागतो. दोन बहिणींच्या आयुष्याची कथा सांगताना ‘आयुष्याचे वळ’ ही प्रतिमा हाताशी येते. एखादे प्रथिन कोणता अक्षरक्रम ओळखते, ही बाब त्या कथेत सहज बसत नाही. रूपकाला जे सोयीचे ते पुढे आले आणि यंत्रणेतील कळीचा दुवा मागे राहिला.

आधीच्या ग्रंथातील विसरलेले उदाहरण

टीकाकारांनी मुख्यतः जिवाणू, विषाणू व यीस्ट यांच्या अभ्यासातून पुढे आलेल्या तत्त्वांचा आधार घेतला. तथापि या वादाचे उत्तर देणारे कर्करोगातील एक उत्तम उदाहरण मुखर्जी यांच्याच पहिल्या ग्रंथात होते. ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ मध्ये शांघायचे वांग झेन-यी आणि पॅरिसचे लोरां देगो यांच्या सहकार्याची कथा येते. तीव्र प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोगात अपरिपक्व पेशी विभाजित होत राहतात, परंतु प्रौढ होत नाहीत. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल हे जीवनसत्त्व ‘अ’ शी संबंधित औषध दिल्यावर या पेशी परिपक्व होऊ लागतात. १९८८ मध्ये शांघायच्या चमूने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सर्वांत रोगाचा पूर्ण उपशम झाला होता. त्यांपैकी २३ रुग्णांना या औषधाखेरीज अन्य औषधाची गरज भासली नाही.

ग्रंथातील कथनाचा भर पेशी ‘प्रौढ होण्या’ च्या विलक्षण दृश्यावर आहे. या दृश्यामागील यंत्रणा मात्र अधिजनुकीय वादाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. या रोगात १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार होते. त्याचा एक भाग रेटिनॉइक आम्लाचा ग्राही, म्हणजेच एक प्रतिलेखन घटक असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, हे जोडप्रथिन ठराविक जनुकांवर जाऊन बसते आणि हिस्टोनवरील ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना तेथे धरून ठेवते. परिणामी ती जनुके मिटलेली राहतात. औषधाच्या मोठ्या मात्रेने ही पकड सुटते. पुढील काळातील संशोधनाने, औषधामुळे मूळ जोडप्रथिनच नष्ट होते, या बाबीला अधिक महत्त्व दिले.

या उदाहरणात क्रम स्पष्ट आहे. प्रथम गुणसूत्रांतील बदल, त्यातून विकृत प्रतिलेखन घटक, त्याने बोलावलेली विकरे आणि अखेर खूण. हुकूम देणारा दूर झाला, की खुणेचा आधार संपतो. मुखर्जी यांनी २०१६ मध्ये आपल्याच २०१० च्या प्रकरणाकडे वळून पाहिले असते, तर वादाला कारण उरले नसते. लोकप्रिय विज्ञानलेखनातील एक सार्वत्रिक उणीव येथे दिसते : औषधाची कथा ‘उपचार’ या सदरात आणि खुणेची कथा ‘स्वभाव व नशीब’ या सदरात सांगितली जाते आणि दोहोंतील नाते वाचकाच्या लक्षात येत नाही.

आक्षेपांची मर्यादा

टीकाकारांचे म्हणणे इतके बळकट असले तरी ते कर्करोगाच्या संपूर्ण क्षेत्राला लागू होते काय? येथे हिस्टोनवरील खुणा आणि डीएनएवरील मेथिल गट यांत भेद करावा लागतो. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नवी साखळी तयार होते, तेव्हा डीएनएमटी-१ हे विकर जुन्या साखळीवरील मेथिल गट ओळखून नव्या साखळीवर त्यांची नक्कल करते. मूळ कारण निघून गेल्यावरही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची सोय अशा रीतीने पेशीत आहे.

याचा एक निर्णायक पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या एचसीटी-११६ या पेशीमालिकेत मिळतो. या पेशींत पी-१६ जनुकाच्या दोन प्रती असतात. एका प्रतीत उत्परिवर्तन होऊन तिचा संदेश निकामी झालेला आहे. दुसऱ्या प्रतीचा अक्षरक्रम निर्दोष आहे. १९९८ मध्ये असे आढळले की, बिघडलेली प्रत मेथिलविरहित असून वाचली जाते आणि निर्दोष प्रतीवर मात्र मेथिल गट बसून ती मिटलेली राहते. दोन्ही प्रती एकाच केंद्रकात, त्याच प्रतिलेखन घटकांच्या सहवासात आहेत. हुकूम देणारा एकच असताना दोन प्रतींचे भवितव्य भिन्न होते, याचा अर्थ खुणेला स्वतःचे असे बळ आहे. शिवाय अशा पेशीचा लाभ कशात आहे हेही येथे उघड होते. एक प्रत उत्परिवर्तनाने गेली, दुसरी खुणेने गेली आणि विभाजनाला अटकाव करणारे प्रथिन पूर्णपणे नाहीसे झाले.

डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१ या जनुकाची कथा याच दिशेने जाते. आतड्याच्या काही अर्बुदांत हे जनुक वारशाने आलेल्या उत्परिवर्तनाशिवाय, केवळ प्रवर्तक भागावरील मेथिलीकरणाने निःशब्द झालेले असते. दुरुस्तीची व्यवस्था कोलमडल्यावर त्या पेशीत उत्परिवर्तनांचा ढीग साचू लागतो. येथे खूण आधी व उत्परिवर्तने नंतर, असा उलटा क्रम दिसतो. रक्तकर्करोगाच्या उदाहरणावरून ‘खूण नेहमीच नंतर येते’ असा नियम केला असता, तर हे वास्तव त्यात मावले नसते.

खूण आधी की शांतता आधी?

प्रश्न इथेच सुटत नाही. २००७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन स्वतंत्र अभ्यासांनी असे दाखविले की, कर्करोगात ज्या जनुकांवर मेथिल गट साचतात त्यांपैकी बरीचशी भ्रूणाच्या मूलपेशींतच पॉलिकोम्ब या प्रथिनसमूहाच्या नियंत्रणाखाली असतात. अशा अनेक जनुकांची अभिव्यक्ती निरोगी ऊतीतही नगण्य असते. आधीच मिटलेल्या जनुकावर कर्करोगात मेथिल गट येऊन बसला, तर त्या खुणेने जनुक ‘बंद केले’ असे म्हणणे तर्काला धरून होत नाही. म्हणजे एकाच अर्बुदात काही खुणा कारण असतात, काही परिणाम, तर काही निव्वळ सहप्रवासी.

यापुढील काळात जनुकीय व अधिजनुकीय हा भेदच पातळ होत गेला. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डॉइड अर्बुदांत क्रोमॅटिनची रचना बदलणाऱ्या यंत्रणेतील एक जनुक नष्ट झालेले असते, हे १९९८ मध्ये कळले. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगात मेथिल गट बसविणाऱ्या डीएनएमटी-३ए या विकराच्या जनुकातच उत्परिवर्तने असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. २०१२ मध्ये तर मुलांच्या मेंदूतील घातक अर्बुदांत हिस्टोनच्या जनुकातच एका अक्षराचा बदल सापडला. खूण जेथे उमटायची ती जागाच बदललेली होती. या सर्व प्रकारांत अक्षरक्रमातील बदल खुणांची घडी विस्कटतो. दुसरीकडे डग्लस हॅनाहॅन यांनी २०२२ मध्ये कर्करोगाच्या लक्षणांची यादी नव्याने मांडताना, उत्परिवर्तनाविना घडणाऱ्या अधिजनुकीय फेररचनेला त्या यादीत संभाव्य स्थान दिले. १९८३ च्या निरीक्षणापासून सुरू झालेला प्रश्न आजही विद्वानांच्या चर्चेत आहे, याचे हे द्योतक होय.

औषधांचा पुरावा

रूपकाची खरी कसोटी रुग्णशय्येजवळ लागते. ॲझासायटिडीन हे औषध १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तयार झाले व प्रथम पेशीमारक औषध म्हणूनच अभ्यासले गेले. १९८० मध्ये पीटर जोन्स व शर्ली टेलर यांनी दाखविले की, हे औषध उंदराच्या १०टी-१/२ या पेशींत मेथिल गटांची नक्कल थांबविते आणि त्या पेशींतून स्नायू, मेद व कूर्चा यांच्या पेशी तयार होऊ लागतात. खूण पुसली की पेशीचे भवितव्य बदलते, असा याचा सरळ अर्थ वाटतो. परंतु १९८७ मध्ये हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने त्याच पेशींत मायोडी हे एकच जनुक घालून त्यांचे स्नायूपेशींत रूपांतर घडविले. मायोडी हा प्रतिलेखन घटक आहे. औषधाने खूण पुसल्यामुळे हा घटक मोकळा झाला व पुढचे कार्य त्याने केले, असा उलगडा यातून झाला. अवघ्या सात वर्षांतील हे दोन प्रयोग एकत्र वाचले, तर २०१६ च्या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांत आपापल्या जागी बसते.

अमेरिकेत ॲझासायटिडीनला २००४ मध्ये आणि डेसिटाबिनला २००६ मध्ये अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारांसाठी मान्यता मिळाली. अधिक जोखमीच्या ३५८ रुग्णांवरील व २००९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲझासायटिडीन घेणाऱ्यांचा मध्यक जीवितकाल २४.५ महिने, तर रूढ उपचार घेणाऱ्यांचा १५ महिने आढळला. हा लाभ खरा आहे आणि मोलाचा आहे. त्याचे स्पष्टीकरण मात्र ‘मिटलेले अर्बुदरोधक जनुक उघडले’ एवढ्यावर थांबत नाही. २०१५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातील दोन शोधनिबंधांनी दाखविले की, अशा औषधांमुळे मानवी जनुकसंचात प्राचीन काळापासून सुप्त असलेले विषाणूसदृश अंश जागे होतात. पेशीला विषाणूचा संसर्ग झाल्याचा भास होतो व प्रतिकारशक्तीचे संदेश सुरू होतात. खूण पुसण्याची क्रिया एखादे कुलूप निवडून उघडत नाही. ती संपूर्ण वाड्याची दारे सैल करते. ‘स्विच’ हे रूपक या वास्तवाला न्याय देऊ शकत नाही.

याउलट, खूण कारण आहे की परिणाम याची चर्चा बाजूला ठेवूनही ती उपयोगी पडते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात एमजीएमटी जनुकाच्या प्रवर्तक भागावर मेथिल गट असल्यास टेमोझोलोमाइड हे औषध अधिक परिणामकारक ठरते, असे २००५ मध्ये सिद्ध झाले. त्या अभ्यासात खूण असलेल्या रुग्णांपैकी किरणोपचारासोबत हे औषध दिलेल्यांचा मध्यक जीवितकाल २१.७ महिने, तर केवळ किरणोपचार दिलेल्यांचा १५.३ महिने होता. येथे वैद्य खूण पुसत नाही, ती वाचतो. लोकप्रिय लेखनात पुसण्याच्या आशेला मिळणारी जागा पाहता, वाचण्याच्या या शांत उपयोगाची उपेक्षा झाली आहे, असे म्हणावे लागते.

मराठी मांडणीचा प्रश्न

या चिकित्सेचा मराठी विज्ञानलेखनाशी थेट संबंध आहे. ‘एपिजेनेटिक’ साठी रूढ होत असलेल्या ‘अधिजनुकीय’ या शब्दातील ‘अधि’ हा उपसर्ग अधिकारी, अधिपती, अधिराज्य या शब्दांचा सोबती आहे. मूळ ग्रीक उपसर्गात ‘वर’ किंवा ‘लगत’ एवढाच अर्थ असताना मराठी शब्द नकळत सत्तेचा भाव घेऊन येतो. जनुकांवर राज्य करणारी कोणी वेगळी सत्ता आहे, अशी समजूत शब्दापासूनच सुरू होऊ शकते. शब्द बदलणे आता व्यवहार्य नसले, तरी तो वापरताना सावध राहणे शक्य आहे.

मराठीची क्रियापदे या कामी साहाय्यक ठरू शकतात. ‘जनुक बंद पडले’ आणि ‘जनुक बंद केले’ यांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या रचनेत केवळ अवस्था सांगितली जाते. दुसरी रचना कर्ता मागते. जेथे कर्ता सिद्ध झालेला नाही तेथे ‘पडले’ आणि जेथे तो ज्ञात आहे तेथे त्याच्या नावासह ‘केले’ अशी शिस्त पाळली, तरी अर्धा गोंधळ टळेल.

रूपकच हवे असेल, तर स्विचपेक्षा सरकारी कागदावरील शिक्का अधिक जवळचा आहे. दाखला द्यायचा की नाही हा निर्णय अधिकारी घेतो, शिक्का त्यानंतर उमटतो. परंतु एकदा शिक्का उमटला, की पुढच्या प्रत्येक कचेरीत शिक्काच पाहिला जातो; निर्णय घेणारा बदलून गेला तरी कागद चालत राहतो. प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोगातील खूण पहिल्या अवस्थेतील शिक्क्यासारखी आहे, तर एचसीटी-११६ मधील पी-१६ वरील खूण दुसऱ्या. क्वचित कोऱ्या वा रद्द कागदावरही शिक्का आढळतो. २००७ च्या अभ्यासांतील जनुके त्या प्रकारची होत. अर्थात, हेही रूपकच आहे आणि त्यालाही मर्यादा आहेत.

या काटेकोरपणाचे सामाजिक मोल दुर्लक्षिण्यासारखे नाही. आयुष्यातील प्रत्येक घटनेचा वळ जनुकांवर उमटतो आणि तोच जनुकांना हुकूम देतो, असे मानले की पुढील पायरी अटळ होते : रुग्णाच्या आहाराने, स्वभावाने अथवा मातेच्या गर्भावस्थेतील मनःस्थितीने कर्करोग ओढवला, हा निवाडा आणि अमुक पथ्याने, अमुक पूरकाने खुणा पुसता येतील, हे आश्वासन. तंबाखूसारख्या कारणांचा कर्करोगाशी असलेला संबंध भक्कम पुराव्याने सिद्ध आहे. त्याच्या आधारे हे दोन्ही दावे आपोआप सिद्ध होत नाहीत. मुखर्जी यांनी स्वतः अशा दाव्यांना थारा दिलेला नाही. तथापि ज्या प्रतिमेवर हे दावे उभे राहतात, ती प्रतिमा त्यांच्या प्रभावी लेखणीने अधिक देखणी केली, हे नाकारता येत नाही. आधीच व्याधीने खचलेल्या कुटुंबावर अपराधाचा भार पडणे हा रूपकाच्या चुकीचा सर्वांत महाग परिणाम होय.

समारोप

सिद्धार्थ मुखर्जी यांच्या लेखनाने कर्करोग व जनुकशास्त्र हे विषय लक्षावधी वाचकांच्या जिव्हाळ्याचे केले, हे त्यांचे कार्य निर्विवाद आहे. २०१६ च्या लेखातील उणीव ही त्यांच्या शैलीच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे. माणसाच्या कथेत जे मावते ते उजळते आणि जे मावत नाही ते अंधारात राहते. टीकाकारांनी ही उणीव दाखवून देऊन वाचकांवर उपकारच केले; मात्र कर्करोगपेशीतील मेथिलीकरणाचा पुरावा लक्षात घेतला, तर त्यांची भूमिकाही सर्वत्र जशीच्या तशी लागू करता येत नाही.

या विषयावरील कोणतेही विधान वाचताना अथवा लिहिताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. खूण उमटण्यापूर्वी जनुक वाचले जात होते काय? ती खूण त्याच ठिकाणी कोणी आणली? आणि मूळ कारण दूर झाल्यावर ती टिकते काय? पी-१६, एमएलएच-१ व प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोग यांना हे प्रश्न विचारले असता तीन भिन्न उत्तरे मिळतात. ही भिन्नता कायम ठेवून विषय रंजक करणे अवघड आहे, अशक्य नाही. मराठीत जनुकशास्त्रावर यापुढे होणाऱ्या लेखनाने ही जबाबदारी स्वीकारावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.